आप्पांना पोचेल असा सायलेन्सर
साहेब, बहिरे तुम्ही आहात.

भर चौकात माझी गाडी बाजूला घ्यायला लावलीत, सायलेन्सरच्या तोंडाशी हातभर अंतरावर ते आवाज मोजायचं मीटर धरलंत आणि कागद फाडून हातात दिलात: 'आवाज मर्यादेबाहेर. सात दिवसांत दुरुस्त करून दाखवा, नाहीतर गाडी जमा.' आकडा खरा होता, मी भांडलो नाही. सायलेन्सर सडून त्याला खालून भोक पडलं होतं. वर्षभर मी ते मुद्दाम बुजवलं नव्हतं, त्याचं कारण सांगायला गेलो तर म्हणालात, "कारणं घरी सांगा."

घरी कारण माहीत आहे, साहेब. कारण घरीच बसलेलं असतं, फाटकाजवळ, खुर्ची टाकून.

माझे आप्पा पत्र्याच्या कारखान्यात अडतीस वर्षं प्रेसवर होते. शंभर टनांचं ते धूड दिवसभर पत्र्यावर आदळायचं. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नाही. रिटायर झाले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, त्याची टिकटिक त्यांना ऐकू येत नाही. फोन नाही, दारावरची बेल नाही, सुनेची हाक नाही. कानातलं यंत्र आणलं, तर म्हणाले, "भांडं पडलं की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं," आणि दिलं कपाटात टाकून.

मग गेल्या वर्षी माझ्या क्रूझर मोटरसायकलचा सायलेन्सर फुटला. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, संध्याकाळी सहाला घरी येतो. एक दिवस बघतो तर फाटक आधीच उघडलेलं. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आप्पा सुनेला म्हणाले, "आला बघ तो. चहा टाक." मी तेव्हा कोपऱ्यावर वळत होतो, तिला अजून काही कळलंही नव्हतं. कान गेल्यापासूनच्या बारा वर्षांत आप्पांनी पहिल्यांदा घरात एखादी बातमी सगळ्यांच्या आधी दिली होती. त्या दिवसापासून सहा वाजता त्यांच्या अंगात वेगळंच वारं असायचं.

आणि ते तुम्ही सात दिवसांत बंद करायला निघालात.

कंपनीचा सायलेन्सर बसवला तर गाडी मांजरीच्या पावलांनी येते, म्हणून तो पहिल्याच फटक्यात बाद. मी नळीवाल्याला गाठलं. त्याच्या दुकानात सायलेन्सर सोडून दुसरं काही नाही, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आणि जिभेला हाड नाही. त्याच्या इमारतीची लिफ्ट मीच चालू ठेवतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो पाने, स्वतःचं मीटर आणि दोन सायलेन्सर घेऊन घरी आला.

"मर्यादेत बसणारा, पण बहिऱ्याला ऐकू येणारा?" तो म्हणाला. "दादा, कोरडा पाऊस आणू का पसाभर?"

आप्पांना रस्त्याकडे पाठ करून बसवलं. गाडी ऐकू आली की हात वर करायचा. पंच आमची ही.

पहिला मी निवडला होता. चकचकीत, निमुळता, कर्कश. माझं साधं गणित होतं: म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, तर आवाज टोचला पाहिजे. कोपऱ्यावरून आलो. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, एक कुत्रं पळालं. आप्पांचा हात मांडीवरच. मी गाडी त्यांच्यासमोर नेऊन उभी केली तर मला विचारतात, "अजून निघाला नाहीस?"

"पंचांचा निर्णय," ही म्हणाली, "गल्ली बाद, सासरे नाबाद."

दुसरा आखूड आणि जाडजूड. आप्पांचा हात लगेच वर गेला. पण नळीवाल्याने मीटर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हा लावलास तर साहेब तुलाच जमा करतील."

मी पुन्हा पहिल्याकडे वळलो, म्हटलं आतली जाळी काढून बघू. तेवढ्यात आप्पा उठले.

"स्क्रूड्रायव्हर आण. लांबडा."

त्यांनी गाडी चालू ठेवायला लावली, त्याचं टोक सायलेन्सरच्या पट्टीवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. प्रेसचं बेअरिंग बिघडलंय का हे ते असंच ओळखायचे. कान गेले तरी हाड शाबूत होतं. दोन्ही सायलेन्सर असे ऐकून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, मी शाळेत नापास झालो तेव्हा बघितलं होतं तसं.

"तुम्ही दोघं मोठा आवाज शोधताय. मोठा कशाला? बारीक आवाज मला मेलेलाच आहे, तो कितीही ओरडला तरी मेलेलाच. मला जाड आवाज दे. ह्या दुसऱ्याचाच, पण पोट मोठं पाहिजे."

नळीवाला मान खाजवत राहिला. "आहे एक. लांब, काळा. तीन वर्षं फळीवर पडलाय. पोरं म्हणतात, म्हैस खाकरल्यासारखा वाजतो." मग हसला. "आणि गंमत म्हणजे म्हैस मीटरलाही कमीच ऐकू येते. ते जाड आवाज हातचा राखून मोजतं."

तो जाऊन घेऊन आला. बसवला. मीटरवर आकडा मर्यादेच्या बराच खाली. इतका कमी आकडा, म्हणजे आप्पांना काय कपाळ ऐकू येणार? हा शेवटचा होता.

कोपऱ्यावरून वळलो. एकही खिडकी उघडली नाही. कुत्रं झोपलेलं. गाडी खालच्या खाली धब धब धब करत होती. मान लांब करून बघितलं: आप्पांचा हात वर नव्हता.

जवळ आलो तेव्हा दिसलं, आप्पा खुर्चीतच नव्हते. उभे होते आणि हात फाटकाच्या कडीवर होता.

"हे लोखंडसुद्धा थरथरतं," कडी काढत म्हणाले. "सूनबाई, चहा! तीन. नळीवाल्याला साखर जास्त, जीभ कडू आहे त्याची."

सहाव्या दिवशी तुमच्या कचेरीत गाडी दाखवली. तुम्ही मीटर धरलंत, आकडा बघितलात, कागदावर शिक्का मारलात आणि म्हणालात, "बघा, जमतं की नाही?"

जमतं, साहेब. आता रोज सहाला फाटक उघडं असतं, चहा गरम असतो. मी सुखात आहे. सुखात आहे म्हणूनच विचारायला सवड मिळाली. माझ्या सायलेन्सरला तुम्ही हातभर अंतरावरून मोजलंत. अडतीस वर्षांत एकदा तरी हेच मीटर घेऊन त्या प्रेससमोर उभे राहिलात का? कागद फाडलात का त्या मालकाच्या नावाने?

मला सात दिवस दिले होतेत. तुम्हालाही सातच देतो. उत्तर लेखी पाहिजे, आणि ते आप्पांच्या हातात द्यायला फाटकापर्यंत स्वतः यायचं. येताय ना?