पुडीनं गुंगवलेला ग्रँझाइम

मी ग्रँझाइम बोलतोय. नाव ऐकलं नसेल, पण तुमच्याही रक्तात मी आहे. रोगाशी लढणाऱ्या सैनिक पेशीच्या पोटात एक इवलीशी पिशवी असते, तिथं माझं बिऱ्हाड. विषाणू शिरलेली पेशी दिसली, की माझा सोबती परफोरिन तिच्या भिंतीला भोक पाडतो. मी आत शिरून तिचा कारभार असा कातरतो, की ती गुपचूप मरते. दुसऱ्याच्या घरात शिरणं हेच काम, त्यामुळे डोकावायची सवय जडलीय.

मी वाडीच्या शोभाताईंचा. त्यांच्या कपाळावर उजवीकडे नागीण उठली. फोडांची रांग आणि नुसती आग. आम्ही कामाला लागलोच होतो, तेवढ्यात शेजारची गोपिका आली.

"घे वं हे पुडी. कुहीच्या बाजारातून आणली. माहे गुडघे बघ कसे चालून राहिले."

"पण मले तर नागीण हाय."

"दुखते ना? मंग दुखण्याचीच हाय हे."

पुडीत स्टेरॉइडची गोळी कुटलेली होती, दुखणं दाबणारी आणि आम्हा लढणाऱ्यांनाही झोपवणारी. संध्याकाळपर्यंत आग निवली. शोभाताईंनी खुशीनं गोपिकाला पोहे खाऊ घातले. इकडे आमच्या पेशीला गुंगी चढली. समोर विषाणूंनी भरलेली पेशी दिसतेय आणि हुकूमच सुटेना. रोज नवी पुडी, रोज मी आत चडफडतोय.

एका सकाळी सून वैभवी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आई, नाकाच्या शेंड्यावर फोड आला, नागीण डोळ्याकडं सरकली वाटते. दवाखान्यात चला."

"काहून? दुखत तर नाही आता."

"डावा डोळा झाका अन् माह्याकडे बघा."

शोभाताईंनी झाकला. उजव्या डोळ्याला सुनेचा चेहरा नुसता धूसर दिसला.

डॉक्टरांनी विषाणूचं औषध सुरू केलं, पुडी एकदम न तोडता बेतानं कमी करत आणली. डोळ्याचं मात्र ते म्हणाले, "उशीर झाला. किती दिसेल, आज सांगता येत नाही."

आमची गुंगी उतरतेय. पण काल शोभाताई सुनेला काय म्हणाल्या, ऐका. "गोपिकाले नको सांगू वं. तिनं मायेनं देली होती, वाईट वाटन तिले."

आता काय बोलावं? डोळा गेला तरी चालेल, शेजारीण दुखावायला नको. तिकडे गोपिका अजून त्याच पुड्या खाते. तिच्या रक्तातले माझे भाऊबंद गुंगीत पडलेत, आणि तिला वाटतं आपले गुडघे बरे झाले.

परफोरिन भोक पाडतोय. मला निघायला हवं, गेलेला ग्रँझाइम पिशवीत परतत नाही. तुमच्यापैकी कोणी वाडीला जात असाल, तर गोपिकाला तेवढं सांगा. वाईट वाटलं तरी सांगा.