मोटर कोणी भरली

लाखनीत सडकेच्या कडेला टिकारामचं दुकान आहे. त्याला दुकान म्हणणं ही मेहेरबानीच. पुढं टिनाचं शेड, मागं घर, आणि दोन्हींच्या मधल्या खोलीत उषाबाई बसते. जळालेली मोटर शेडात उतरते, मधल्या खोलीत जाते आणि भरून पुन्हा शेडात येते. गिऱ्हाईक काही शेडाच्या पलीकडं डोकावत नाही. त्यामुळं 'टिकारामची भराई' म्हणून तालुक्यात जिची वाहवा होते, ती त्याच्या बायकोच्या बोटांची आहे, हे तालुक्याला कधी कळलंच नाही.

मोटर भरायची म्हणजे काही थट्टा नाही. करपलेली तार उपसून काढायची, खाचांमध्ये नवा कागद बसवायचा, तांब्याच्या तारेची वेटोळी एकेका खाचेत दाबायची, वर बांबूची पट्टी ठोकायची आणि मग वॉर्निश पाजायचं. लग्नानंतर टिकारामनंच तिला हे शिकवलं. पुढं तो फिटिंगच्या कामाला गावोगाव फिरू लागला, त्याची बोटं अवघडत गेली आणि तिची सुटत गेली. वाहवा त्याच्या पदरात पडते याचं उषाबाईला कधी काही वाटलं नाही. घरात एकानं रांधावं, दुसऱ्यानं वाढावं, वाढणाऱ्याचं कौतुक झालं म्हणून रांधणारी रुसत नाही, एवढंच तिला ठाऊक. टिकाराम चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. 'मोनूची माय' म्हणायचा, आणि मोटरचा विषय निघाला की तेवढंही नाही.

मग ड्राइव्ह आली. धनीराम शेटची राईस मिल उसन्या तांदळाची, म्हणजे धान आधी उकडायचा, मग वाळवायचा. वाळवणीतून धान वर नेणारा पट्टा कधी जोरात तर कधी सावकाश चालावा लागतो. त्यासाठी मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी, म्हणजे ही ड्राइव्ह, शेटनं घेतली. ती बसवायचं शिकायला टिकाराम नागपूरला जाऊन आला आणि आल्यापासून त्याची चालच बदलली. त्यानं उषाबाईला मोठ्या हौसेनं समजावलं की ही ड्राइव्ह मोटरला हवी तेवढीच वीज हव्या त्या ठेक्यात देते, आणि मोटर जास्त ओढायला लागली की स्वतःच थांबवते. उषाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. मोटरच्या शेपटीला जो पंखा असतो तो मोटरच फिरवते. वेग अर्धा केला तर पंखाही अर्धाच फिरणार, मग तिला थंड कोण करणार? टिकाराम हसला आणि म्हणाला, तू आपली भराई पाह्य.

ऐन हंगामात पट्ट्याची मोटर जळाली, तीही याच दुकानात भरलेली. धनीराम शेट स्वतः टेम्पोत बसून आला, सोबत मिलचा मिस्त्री नत्थू. पट्टा बंद पडलेला, उकडलेला ओला धान तसाच अडकून आंबत चाललेला. शेटनं शेडात उभं राहून टिकारामची अशी काही हजेरी घेतली की पानठेल्यावरची माणसं उठून आली. ड्राइव्ह तूच लावून दिली, मोटर कधी जळणार नाही असं तूच सांगितलं, आता बोल. टिकारामच्या तोंडचं पाणी पळालं. दाराआड उभ्या उषाबाईचा जीव त्याच्यासाठी तीळतीळ तुटत होता. याची इज्जत राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

"ड्राइव्हची काही चूक नाही, शेटजी," टिकाराम म्हणाला. "ही मोटर मी नाही भरली. आमच्या उषानं भरली."

इतक्या वर्षांत त्यानं लोकांपुढं तिचं नाव घेतलं ते हे. शेटनं दाराकडं पाहिलं, तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाला की बाईमाणसाच्या हाती माझी मोटर देतोस काय. टिकारामनं कान पकडले. चुकलंच, पुन्हा तिचा हात लागणार नाही, असा शब्द दिला.

माणसं पांगल्यावर उषाबाईनं मोटर उघडली. भरण्यात चूक असली तर एखादं वेटोळं जळून कोळसा होतं आणि बाजूचं शाबूत राहतं. इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी तार सारखीच करपलेली. मोटर कुठं एका जागी फुटली नव्हती, आतल्या आत शिजली होती. तिला इतकं हायसं वाटलं की हात न धुताच ती बाहेर धावली. घाबरून तोंडातून निघालं असेल बिचाऱ्याच्या, आता खरं कळलं की तो आपणहून शेटकडं जाईल, असं तिला वाटलं. वेडीच ती.

टिकारामनं मोटरकडं पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे मले," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सावकाश वेगात ड्राइव्ह सारखी बंद पडत होती, शेट खेकसत होता, म्हणून मोटरनं किती वीज ओढली की ड्राइव्हनं थांबायचं, तो आकडाच टिकारामनं वाढवून ठेवला होता. सावध करणाऱ्याचंच तोंड त्यानं बंद केलं, आणि मोटर तापत राहिली.

"मंग माझं नाव काहून घेतलं?" तिनं विचारलं.

"माझं नाव गेलं तं दुकान जाते. तुझं नाव कोणाले ठाऊक आहे? गेलं काय अन् राहिलं काय."

रागानं बोलला असता तर तिनं सोसलं असतं. तो समजुतीच्या सुरात बोलला. ज्याला तिनं आपली सगळी कारागिरी न मागता देऊन टाकली, त्यानं तिला असं स्वस्तात विकून टाकलं होतं.

तरी मोटर तिनंच भरली, दुसरं कोण भरणार होतं? टिकाराम ती मिलमध्ये घेऊन गेला. नत्थू चहाला गेल्याचं पाहून त्यानं वाढवलेला आकडा गुपचूप खाली आणला, आणि मोटरच्या मागं वेगळ्या तारेवर चालणारा एक पंखा बसवून दिला, म्हणजे वेग कितीही कमी असो, वारा पुरेसा मिळावा. मोटर गारेगार चालू लागली. आणि ती चालली म्हणूनच उषाबाई गुन्हेगार ठरली. टिकारामनं स्वतः भरली तर पाहा कशी चालते, असं शेट ज्याला त्याला सांगू लागला. ते टिकारामच्या कानावर यायचं, आणि तो नुसता मान हलवायचा. आठवडी बाजारात भाजीवाल्या शकुनबाईनं कीव करत विचारलं की तुझ्या हातून मोठी मोटर जळली म्हणतात, खरं काय? उषाबाई पिशवी उचलून घरी आली.

पुढची मोटर आली तेव्हा टिकारामनं मधल्या खोलीला जाड पडदा लावला. शेटजीले शब्द देल्ला आहे, कोणी आलं तं हात पुसून चुलीपाशी जात जा, असं त्यानं तिला बजावलं. मोटर छोटी, विहिरीवरची होती. उषाबाईनं ती उचलली, पडदा बाजूला सारला आणि शेडाच्या अगदी तोंडाशी, सडकेकडं तोंड करून पोत्यावर बसली. ट्रक धुरळा उडवत जात होते. पानठेल्यावर गप्पा थांबल्या.

टिकाराम दबक्या आवाजात तिला आत चल, आत चल म्हणत होता, तेवढ्यात धनीराम शेटची गाडी थांबली. दुसऱ्या पट्ट्यालाही ड्राइव्ह लावायची म्हणून तो आला होता. तारेची वेटोळी खाचेत सरसर बसवणारी तिची बोटं तो बघतच राहिला. मग त्यानं टिकारामला विचारलं, हे काय?

उषाबाईनं मान वर केली नाही.

"शेटजी, तुमची जळली ते मोटर मीच भरली होती. आता चालून राहिली तेबी मीच भरली. दोन्ही खेपा एकसारखीच भरली. मधात काय बदललं, ते यायले विचारा."

शेट टिकारामकडं वळला. टिकारामनं मात्र बायकोकडं पाहिलं. जणू तिनंच आज केसानं त्याचा गळा कापला होता, असं पाहिलं. उषाबाईला त्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिनं पुढचं वेटोळं उचललं आणि खाचेत दाबलं.