टेंपररी कवळी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण कवळीवाल्याचं घर दातांवरच उभं राहिलं होतं. अर्धं गाव त्याने बनवलेल्या कवळ्या लावून हसत होतं. आणि त्याची बायको? दिव्याखाली अंधार. तिचे दात काढले, तेव्हा हिरड्या भरून येईपर्यंत म्हणून त्याने घाईघाईत एक टेंपररी कवळी करून दिली. पुढचा एक दात जरा तिरका बसला. "सहा महिन्यांत पक्की करतो," म्हणाला. त्याला आता कितीतरी वर्षं लोटली होती. गिऱ्हाईक आधी, घरचं मागून, हा त्याचा खाक्या.

आता ती अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा कुठे गड्याला जाग आली. निदान जाताना तरी तिच्या तोंडात पक्के दात असावेत, असं त्याने मनाशी घेतलं. पलंगावरच तिच्या जबड्याचं माप घेतलं आणि मागच्या खोलीतल्या टेबलाशी त्याने ठाण मांडलं. पाणी प्यायला आला तेव्हा ती म्हणाली,

"अहो, बसा ना जरा. आहे ही कवळी काय वाईट आहे?"

"ती टेंपररी आहे."

मुलगी उशाशी बसली होती. शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे शब्द दिसला की सोलल्याशिवाय तिला राहवत नसे.

"बाबा, टेंपररी म्हणजे कच्चं, असं नाही काही. मूळ शब्द लॅटिन आहे, टेंपस. त्याचा अर्थ वेळ, काळ. काही काळापुरतं असतं ते टेंपररी, एवढंच. कामचलाऊपणा आपण त्याला चिकटवला."

"मग मीही टेंपररीच की," आई म्हणाली आणि हसली. तिरका दात दिसला. "तुझ्या बाबांना सांग, तेवढ्या काळात जवळ बसून घ्या."

"मास्तरीणबाई, शिकवणी नंतर," कवळीवाला म्हणाला. "नुसतं पॉलिश राहिलंय. आलोच."

तो गेला. पॉलिशची मोटर सुरू झाली की त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नसे. कवळी आरशासारखी चकाकली, तेव्हाच त्याने मोटर बंद केली. हातावर पांढरी भुकटी घेऊन तो बाहेर आला, तर मुलगी आईचा हात धरून रडत होती.

जबडा ताठरण्याआधी दात बसवायला हवेत, एवढं त्याला कळत होतं. त्याने तिच्या तोंडातली जुनी कवळी काढून उशाजवळच्या वाटीत ठेवली आणि नवी बसवली. माप तंतोतंत होतं, एकही दात रेषेबाहेर नव्हता. ओठ सारखे झाले, गाल भरले, आणि पलंगावर कुणी परकीच नीटनेटकी बाई दिसू लागली.

"बाबा, ही आई वाटत नाही हो."

त्यालाही तसंच वाटत होतं. त्याने नवी कवळी काढली आणि वाटीतली जुनी उचलली. ती ढिली झाली होती. अंगठ्याने दाबून धरावी लागली. तिरक्या दातावर ओठ जरासा उचलला गेला, तशी ती पुन्हा त्याची बायको झाली.

"तू हाक मारली होतीस?" त्याने मुलीला विचारलं.

"दोनदा. आईनेही एकदा मारली."

त्याने स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसला.