लाल टोपी आणि दळणाचा डबा

गारा नारळाएवढ्या होत्या. गाव लिंबाएवढ्या म्हणतं, पण गाव तेव्हा घरात बसलं होतं. किसनराव नेरच्या रस्त्यावरच्या आपल्या संत्र्याच्या बागेत होते आणि एक गार थेट त्यांच्या टकलावर बसली होती. तेव्हा माप त्यांचंच धरायचं. ते जागच्या जागी आडवे झाले. बागेला लागून सत्यभामाबाईंची पिठाची गिरणी. दळणाचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घालून बाई त्या गारांत धावल्या आणि किसनरावांना तंगडीला धरून ओढत गिरणीत घेऊन आल्या. डब्याला असे पोचे पडले की पुढे त्यात पायलीचं पीठ मावेना.

तेव्हापासून किसनरावांच्या मनात एकच होतं, बाईंचे आभार मानायचे. पण "बाई, तुम्ही नसत्या तर..." एवढं तोंडातून निघालं की बाई गिरणीचं बटण दाबत.

"दळण हाय का, भाऊ? नाई? मंग सरका बाजूले, मांगं लोकं उभे हायत."

आणि उरलेलं वाक्य गिरणीच्या घरघरीत दळून जाई.

अशात इटलीत शिकणाऱ्या नातीचा, सुरभीचा, व्हिडिओ कॉल आला. तिनं धाडलेली लाल टोपी आजोबांच्या डोक्यावर पाहून ती हसली.

"आबाजी, ही इव्हरेआच्या जत्रेतली हाय. तिथं लोकं एकमेकांले संत्री फेकून मारतात! जुन्या काळी एक जुलमी सरदार होता म्हणे, गावातल्या नव्या नवरीवर आपलाच हक्क सांगे. एका पोरीनं त्याचं मुंडकंच उडवलं. मंग सारं गाव उठलं, किल्ला जाळला. त्याची आठवण म्हणून ही लढाई. पयले घेवड्याचे दाणे फेकत, आता संत्री. डोकं लाल असलं का मारत नाईत."

"कोणाची पोरगी होती थे?"

"गिरणीवाल्याची."

"वाटलंच मले," किसनराव म्हणाले.

गारांनी झोडपलेल्या संत्र्यांचा ढीग अंगणात पडूनच होता; व्यापारी त्याकडे बघायला तयार नव्हते. धुळवडीला गिरणी बंद असते. किसनरावांनी दवंडी दिली: लढाई गिरणीसमोर, नियम इटलीचे, आणि शेवटी बाईंचा सत्कार.

धुळवडीला अख्खं गाव संत्री घेऊन समोरासमोर उभं ठाकलं. आणि उभंच राहिलं.

"काका, मारू कोणाले?" शेजारचा बादल ओरडला. "सारेच लाल हायत!"

सकाळपासून गुलाल खेळून एकूण एक डोकं लालभडक झालं होतं. किसनरावांना इटलीचं सगळं सुचलं होतं, फक्त आपली धुळवड सुचली नव्हती.

"नियम म्हणजे नियम!" ते गुरकावले.

तेवढ्यात गिरणीचं दार उघडलं. सुट्टीचा दिवस साधून बाई गिरणी झाडत होत्या. शेंडीपासून टाचेपर्यंत पिठानं पांढऱ्याफटक. साऱ्या गावाचे हात एकदम वर गेले.

किसनराव धावले. एवढे तर ते लग्नाच्या मांडवातही धावले नव्हते. आपली टोपी काढून त्यांनी बाईंच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. "खबरदार! बाईले मारायचं नाई!"

बादल खदखदून हसला. "काका, तुमचं टक्कल तर कोरंच हाय!"

पहिलं संत्रं कपाळावर फुटलं.

"बाई, जीव वाचवला तुम्ही..." दुसरं कानावर. "लय उपकार..." तिसरं. "नातीचं तोंड पाहाले मिळालं मले..." मग मोजायला कोणी उरलं नाही.

आज बटण नव्हतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळे पदरानं पुसले, म्हणाल्या, डोळ्यात पीठ गेलं.

"झालं का सांगून, भाऊ?"

"झालं."

"मंग हे घाला." त्यांनी आतून तोच पोचे पडलेला डबा आणला आणि किसनरावांच्या डोक्यावर उपडा घातला.

बाहेर संत्री धडाधड आपटत होती. डब्याच्या आत गव्हाच्या पिठाचा वास येत होता आणि किसनराव पोट धरून हसत होते.