एका गुणाचा हॉर्न

विल्मा प्राउसचं तोंड बंद आहे, ही बातमी खेळ रंगायच्या आतच मैदानभर झाली. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्यांमधून लोक माना बाहेर काढून तिच्या निळ्या गाडीकडे बघू लागले. एकदोघांनी तर काचेवर टकटक करून विचारलं, "बरं नाही का?" विल्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा कोणी फिरकलं नाही.

बेलरी गावच्या फुटबॉलला वर्षानुवर्षं विल्माच्या शिव्यांची साथ होती. पंचाचे डोळे, पंचाची अक्कल, त्याला जन्म देताना त्याच्या आईनं केलेली घाई, तिनं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. पुरुष खेळत होते तोवर गाव या शिव्या कौतुकानं ऐकायचं. यंदा बायकांचा संघ उभा राहिला, त्यात विल्माची नात कीली. गेल्या शनिवारी विल्मा जे काही बोलली त्यानं खेळच थांबला. ट्रेंट नावाचा पंच शिट्टी खिशात टाकून आला आणि सगळ्यांदेखत कीलीला म्हणाला, "आधी तुझ्या आजीला आवर."

घरी आल्यावर कीलीनं बूट दारातच आपटले. "आजी, मैदानावर तुझा एक शब्द जरी माझ्या कानावर आला ना, तर मी खेळणं सोडलं. शप्पथ!" पोरगी हट्टात आजीवरच गेलेली. बोलली म्हणजे करणार.

म्हणून आज विल्मा काचा वर करून बसली होती आणि पहाऱ्याला शेजारच्या सीटवर ग्लेनिस, तिची जुनी मैत्रीण. विल्माचा जबडा हलायला लागला की ग्लेनिस त्यात सॉसेज रोल कोंबायची. समोरच्या संघातल्या, मिनताला गावच्या एका आडदांड पोरीनं कीलीला मानेला धरून आडवं केलं आणि ट्रेंट ढगांकडे बघत राहिला, तेव्हा तर एकदम दोन कोंबावे लागले.

"गीळ, गीळ," ग्लेनिस म्हणाली. "नातीसाठी गीळ."

गंमत म्हणजे ट्रेंटही बेचैन होता. चुकीचा निर्णय दिला की हळूच निळ्या गाडीकडे बघायचा. तिकडून काहीच येत नाही म्हटल्यावर बिचाऱ्याला आपण बरोबर आहोत की चूक तेच कळेना.

कीलीचं मात्र आज काही खरं नव्हतं. इथल्या फुटबॉलात चेंडू हातानंही धरता येतो. मधल्या दोन उंच खांबांतून मारला तर सहा गुण; खांबाला लागला किंवा जरा बाजूनं गेला तर एक, समजूत काढल्यासारखा. कीली सारखी एकच मिळवत होती. सहा मिळाले की आपल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे, ही इथली रीत. एका गुणाला हॉर्न वाजवणारं माणूस या मुलखात अजून जन्मलं नव्हतं. कोणी वाजवला असता तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

बेलरी पाच गुणांनी मागे, आणि अगदी शेवटाला कीलीनं उंच उडी मारून चेंडू छातीशी धरला. तेवढ्यात भोंगा झाला. खेळ संपला, पण धरलेला चेंडू मारायचा हक्क तिचा होता. खांबांमागे मिनतालाची माणसं हात नाचवत बोंबलायला लागली. कीलीनं एकदा निळ्या गाडीकडे पाहिलं. विल्मानं ओठ इतके घट्ट मिटले की हनुवटी दुखायला लागली.

कीली धावली. चेंडू सरळ गेला, सरळ, आणि मग खांबावर खाडकन आदळला.

मिनतालाच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, गाड्या उड्या मारायच्याच काय त्या राहिल्या. कीली होती तिथेच चिखलात बसली. बेलरीच्या बाया तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "असू दे गं बाळा, छान खेळलीस." प्रत्येक 'बाळा'सरशी तिची मान आणखी खाली जात होती. विल्माला ते बघवेना. पोर अशी गुडघ्यात तोंड घालून बसलेली तिला नकोच होती.

विल्मानं दोन्ही तळवे हॉर्नवर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"अगं, एकच गुण मिळालाय!" ग्लेनिस किंचाळली. "वेडी झालीस का? सगळे बघतायत!"

सगळे बघतच होते. मिनतालाचे हॉर्न गोंधळून एकेक करत गप्प झाले. उरला तो विल्माचा, एका गुणासाठी, हरलेल्या सामन्यात, थांबायचं नाव न घेणारा. कीली उठली. तरातरा येऊन तिनं काचेवर चिखलाचा हात आपटला.

"आजी! खांबाला लागला! कशाला वाजवतेयस?"

विल्मानं हॉर्न सोडला, काच खाली केली आणि नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

कीलीचे डोळे भरलेले, नाक वाहतंय. "बोल," ती म्हणाली. "भोंगा झालाय. बोल ना गं काहीतरी."

"तुझ्या आजोबाला पुरून सहा वर्षं झाली," विल्मा म्हणाली, आणि तो आवाज मिनतालाच्या शेवटच्या गाडीपर्यंत गेला, "पण उद्या उकरून उभा केला, तरी मेला तुझ्यापेक्षा सरळ मारेल!"

कीलीच्या तोंडून आधी हुंदका फुटला. मग त्याचंच हसू झालं, आणि ती गाडीच्या दाराला धरून वाकून वाकून हसत राहिली. थोड्या वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं.

"पुढच्या शनिवारी तोंड घेऊन ये," ती म्हणाली. "पण शिव्या फक्त मला."

मागून जाणारा ट्रेंट जरासा थबकला. "आणि मला काहीच नाही?" त्यानं विचारलं.