पाताळाची आग आणि सोजरबाईचे दात

चैत्राचं ऊन डोकं फोडत होतं आणि चार-पाचशे माणसं एका काळोख्या मांडवात शिरायला एकमेकांना कोपरं मारत होती. बेज्जूरकडून बैलगाड्या आल्या होत्या. प्राणहितेपलीकडून डोंग्यांत बसून लोक आले होते. कुणाच्या काखेत नवसाची कोंबडी, कुणाच्या खांद्यावर तापानं फणफणलेलं पोर. मांडवाला वरून तीन ताडपत्र्या, चारी बाजूंनी शिवलेली पोती. आत मातीच्या ओट्यावर पितळेचा नाग, आणि त्याच्या उघड्या तोंडातून वीतभर निळी ज्योत सरळ उभी.

"तेल नाई, वात नाई, लाकूड नाई! पाह्य बाप्पा, पाह्य!" एक म्हातारा बायकोला पुढे ढकलत म्हणाला.

"अवं माय वो!" म्हणून ती बाई तिथंच आडवी झाली.

ज्योतीला लागूनच गोणपाटाच्या जाडजूड गादीवर अग्निनाथ महाराज बसले होते. बसले कसले, पसरले होते. भगवी लुंगी, कपाळावर तळहाताएवढा शेंदूर आणि तोंडात अखंड हिंदी.

"ये पाताल की आग है, बच्चा! नौ लाख साल से जल रही है! पापी सामने आया तो माई आँख मूँद लेती है!"

नऊ लाख वर्षं जळत होती म्हणे! आणि सापडली कधी, तर सर्वेवाल्यांनी तिथं बोअर पाडल्यावर दुसऱ्याच साली. पण हे विचारणार कोण? विचारणाऱ्याकडं लोक असे बघत, जणू त्यानं देवळात चप्पल घालून पाय ठेवला.

त्या दिवशी गर्दीचं कारण नुसती ज्योत नव्हतं. त्या दिवशी सोजरबाईचे दात काढणार होते.

मी मारोतराव. वांगी-मिरची लावणारा माणूस. पण सत्त्याऐंशीच्या हंगामात मी तेल शोधायला आलेल्या सर्वे पार्टीत रोजंदारीवर होतो. बोअरमधून दगडाचे मनगटाएवढे गोल तुकडे निघायचे, ते खोलीच्या क्रमानं पेटीत लावायचं माझं काम. तिथले भूशास्त्रज्ञ सुधाकरराव मला प्रत्येक तुकडा हातात देऊन समजावत. तेल काही निघालं नाही. थोडा ग्यास लागला. "मारोतराव, एवढ्या ग्यासवर आपला चहा होईल, देश नाही चालायचा," म्हणून ते हसले, बोअरच्या तोंडावर सिमेंट ठोकलं आणि पार्टी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या सिमेंटला भेग पडली आणि वळवाच्या पावसाच्या साचलेल्या पाण्यात बुडबुडे यायला लागले. पहिली काडी मीच ओढली. हो, मीच! चार मित्रांपुढं शहाणपणा मिरवायला. भक्कन जाळ झाला. मित्र ओरडले, "ज्वालामाई!" मी हसलो आणि घरी गेलो. तिथंच बसून त्यांना सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. महिनाभरात हा महाराज उगवला. त्यानं सिमेंट फोडलं, नाग बसवला, मांडव घातला.

तो बोअर होता सोजरबाईच्या वाडीच्या कोपऱ्यात. सोजरबाई माझ्या चुलतभावाची बायको, विधवा, एकटीच्या हिमतीवर भाजी पिकवणारी. आधी तिनं महाराजाला बसू दिलं. पण त्याला जेव्हा आश्रमासाठी सगळी वाडी पाहिजे झाली, तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं, "महाराज, देवीले कोपरा पुरते. वाडीत माह्यी वांगी हायेत."

पुढच्याच सोमवारी ती ज्योतीसमोर आली आणि ज्योत विझली.

"भानामती!" महाराज गरजले. "पटेल की बहू का पेट इसीने दो बार खाली किया!"

भगवानराव पटेल. सरकारनं पटेलकी काढून घेतली होती, तोरा मात्र घरातच राहिला होता. त्यांच्या सुनेचा दोनदा गर्भपात झाला होता. कागजनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अंगात रक्त नाही, गोळ्या द्या, दूध द्या. पण गोळीवर राग काढता येत नाही, बाईवर काढता येतो. पटेल म्हणाले, सात दिवसांनी दात काढू. आमच्या भागातला हा जुना नियम. भानामती करणाऱ्याचे दात काढले की मंत्राचे उच्चार फिसकटतात म्हणे! तीन आठवड्यांपूर्वी याच ज्योतीच्या शब्दावर शेजारच्या पाड्यातल्या डोमाजीचे पुढचे सहा दात पकडीनं उपटले होते. डोमाजी आता भाकर पाण्यात कालवून गिळतो.

मी पटेलांकडं गेलो. "पटेल, तो ग्यास हाय. मी सोता तिथं काम केलं."

"मंग तुह्यी वैनी समोर आल्यावरच काऊन इझला? माह्यासमोर काऊन नाई?"

 पण सोमवारची एक गोष्ट डोक्यात खुपत होती. ज्योत विझायच्या क्षणी महाराज उजव्या कुशीवर कलला होता. आणि विझलेली ज्योत कधी आपोआप पेटत नसे. चेला कापराची आरती ओवाळायचा, महाराज सरळ बसायचा, मग पेटायची. पाताळातल्या देवीला दुकानातला कापूर लागतो, हे नवलच!

मी मागं फिरलो तर दारात पटेलांची आई उभी. मथुराबाई. सत्तरी ओलांडलेली, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. तिनं मला गोठ्याकडं बोलावलं.

"मारोती, तुले काय वाटते ते फोडून सांग."

"मथुरामाय, ज्योतीले माणूस दिसत नाई. महाराजाले दिसते. त्याचे डोळे बांधले तं ज्योत आंधळी होते."

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "डोळे बांधू देनार नाई तो. बायाच झाकू."

तेव्हा आता मांडवात, महाराजानं "दाँत निकालो!" म्हणायच्या आधीच मथुराबाई पुढं झाली.

"महाराज, माह्या नातसुनेसाठी चाललं हे सगळं. माह्यी खात्री झाली पायजे. तीन बाया घोंगडी पांघरून एकामागं एक येतीन. त्यात एक सोजर. माईनं वळखून दाखवावं."

महाराजाचं शेंदरी कपाळ आकसलं. "माई की परीक्षा लेती है, बुढ़िया?"

"काऊन? पाताळातलं दिसते अन् घोंगडीतलं दिसत नाई काय?"

गर्दी हसली. गर्दी हसली म्हणजे नाही म्हणायची सोय संपली. बाया पोत्यांच्या पडद्याआड गेल्या, मथुराबाईही त्यांच्या मागून गेली. मी चेल्याच्या कानाजवळून जाताना शेजाऱ्याला मुद्दाम म्हणालो, "वैनीले तिसरी ठेवा बरं, घाबरून राह्यली ती." चेल्याचे कान टवकारले. आरतीचं तबक घ्यायच्या निमित्तानं तो महाराजाकडं वाकला. काम झालं.

पहिली घोंगडी आली. ज्योत जशीच्या तशी. महाराजानं हात उंचावला, "निर्दोष! जा बेटी!"

दुसरी आली. ज्योत हललीसुद्धा नाही.

तिसरी आली. हळूहळू, पाय ओढत.  महाराज डोळे फिरवून उजवीकडं कलला आणि ज्योत फट्‌कन गेली.

"यही है! यही डायन है! पकड़ो!"

दोघांनी दंड धरले, तिसऱ्यानं घोंगडी ओढली. आत मथुराबाई!

मला वाटलं, झालं, आता सगळे हसतील आणि महाराज पळेल. मी मूर्ख. पहिली घोंगडी पांघरून आलेली सोजरबाई पडद्याजवळ उघड्या तोंडानं उभी होती, सगळ्यांना दिसत होती, तिला माईनं निर्दोष ठरवलं होतं. तरी कुणी म्हणालं नाही की ज्योत चुकली. मागून आवाज आला, "मंग पटेलाच्या मायनंच केली भानामती! सोताच्याच नातसुनेवर!"

"खरंच की! नाळा कापते ना थे!"

ज्यांच्या नाळा तिनं कापल्या होत्या, त्यांनीच तिचे दंड सोडले नाहीत. दात काढायला बोलावलेला पकडवाला एक पाऊल पुढं आला.  हा डाव मी टाकला होता, आणि म्हातारीला मी तिथं उभं केलं होतं.

मथुराबाईनं मात्र लेकाकडं पाहिलं. "भगवान, चारच राह्यले हायेत, तेबी हालतेत. काढून घे. पन तू सांग आंधी, मी तुह्या सुनेचं पोट पाडलं काय?"

पटेलांनी पकडवाल्याला मागं ढकललं. मग तो तगडा माणूस लहान पोरासारखा ओरडला, "माह्यी माय हाय रे ते! सोडा!" आणि ओट्यावर चढून त्यानं महाराजाला कमरेत लाथ घातली.

महाराज गादीवरून गडगडला. चेल्याच्या हातात कापूर जळतच होता. भक्क! नागाच्या तोंडातून हातभर जाळ उठला.

"वरची ताडपत्री काढा! आधी वारा येऊ द्या!" मी ओरडलो आणि पोती फाडायला लागलो. भसकन ऊन आत आलं. उन्हात ती दैवी ज्योत धड दिसेनाशी झाली. मी गादी उलटी केली. बोअरच्या पाइपापासून नागाच्या शेपटीपर्यंत सायकलच्या ट्यूबची नळी, आणि त्यावर फळीचा एक तुकडा. मांडी टेकली की नळी दबायची, मांडी उचलली की सुटायची. नळीला तीन ठिगळं होती, अगदी सुबक.

"पंक्चरचा हात चांगला हाय महाराज!" मी म्हणालो.

महाराजाची हिंदी तेवढ्यात गळून पडली. "मारू नोका हो, पाया पडतो! मी सायकलवाला हाओ, पोटासाठी केलं!"

पोटासाठी! डोमाजीच्या तोंडातले सहा दात याच्या पोटासाठी! मला त्याची कणभर कीव आली नाही, अजूनही येत नाही.

मी एकेकाला बोलावून नळी दाबायला लावली. पोरांनी दाबली, बायांनी दाबली, पकडवाल्यानं दाबली. पापी कोण, पुण्यवान कोण, सगळ्यांसमोर विझली. काडी लावली की पेटली. डोमाजीही आला होता. त्यानं तीनदा दाबली, तीनदा सोडली आणि बाजूला जाऊन बसला.

"पन मारोती, आग तं खरीच हाय ना? जमिनीतून कशी येते?" पटेलांनी दमलेल्या आवाजात विचारलं.

हा प्रश्न वर्षभरापूर्वी कुणी विचारायला हवा होता. मी घरून बोअरमधले दगडाचे दोन तुकडे मागवले. एकावर बायको लसूण ठेचायची. त्या तांबूस वालुकाश्मावर, म्हणजे रेतीच्या दगडावर, पाण्याचा थेंब टाकला, तो क्षणात आत मुरला. दुसरा काळपट, चिकणमातीचा दगड. त्यावर थेंब तसाच बसून राहिला.

"तिकडं पश्चिमेले तलमडुगूकडं काळा फत्तर हाय, तो लाव्हाचा. आपल्याइथं खाली थर हायेत, भाकरीची चवड असते तसे. कोट्यवधी वर्सांमागं नदीनं रेती आनली, गाळ आनला, झाडंझुडपं त्यात गाडली गेली. वर थरावर थर चढले, खाली ऊब अन् दाब. त्या कुजल्या-शिजल्या झाडांचा ग्यास झाला. समुद्राच्या गाळात बारीक जीव गाडले जातेत, तिथं तेल होते. खाली तेलाचं तळं-बिळं नसते बरं. या रेतीच्या दगडाच्या भोकाभोकांत तेल अन् ग्यास मुरलेलं असते. हलकं म्हनून वर सरकते, अन् हा चिकणमातीचा दगड वर झाकण होऊन त्याले अडवते. झाकण जिथं उपड्या टोपल्यासारखं फुगलं असते, तिथं ते जमते. बोअरनं त्या झाकणाले भोक पाडलं. बस. देवी नाई, भूत नाई. अन् हा साठाबी लहान हाय. काही दिवसांनी संपन."

"संपन?" एका बाईला फार वाईट वाटलं. तिनं त्या ज्योतीला खण वाहिला होता.

तोवर पकडवाल्याला नवं काम सुचलं. "याचेच काढू दात!" म्हणून तो महाराजाकडं वळला आणि तीच गर्दी, तितक्याच आनंदानं, "काढा, काढा!" म्हणायला लागली. दोघांनी त्याचे दंडही धरले. पद्धत ठरलेलीच होती.

"पकड ठेव खाली," सोजरबाई म्हणाली.  आवाज कापत होता, पण रागानं. "त्याले पोलिसाच्या हवाली करा. अन् मले एक सांगा. समजा, नळी नसती. समजा, वाऱ्यानं इझली असती. मंग काढले असते ना माहे दात?"

 पटेल मान खाली घालून उभे राहिले. पकडवाल्यानं पकड धोतराच्या आड नेली. सोजरबाई एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि ज्याच्याकडं ती पाहील तो दुसरीकडं पाहू लागला. मग ती गर्दीतून वाट काढत वाडीकडं निघून गेली.

महाराज पोलिसांच्या ताब्यात गेला. मथुराबाईनं दुसऱ्याच दिवशी नातसुनेला गाडीत घालून कागजनगरला नेलं. लोक मला म्हणतात, मारोतराव, तुमी नळी शोधून काढली! मी त्यांना सांगतो, नळी शोधणं सोपं होतं. सोजरबाईच्या प्रश्नाला उत्तर द्या. नळी प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही. मथुराबाईसारखी म्हातारी प्रत्येक गावात असेलच असंही नाही. म्हणून हात जोडून एवढंच मागणं आहे. डोळ्यांना नवल दिसलं, तर कसं झालं ते विचारा, खालून-वरून तपासा. आणि नाहीच कळलं, तर "माहीत नाही" म्हणा आणि घरी जा. "माहीत नाही" म्हटल्यानं आजवर कुणाचा दात पडलेला नाही.