उतारावर मला न्यूट्रल करू नका

मित्रांनो, मी एक हायब्रिड गाडी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा जुन्या, गंजलेल्या आणि मनाने फार मोठ्या असतात. मी तशी नाही. मी अजून चकचकीत आहे, माझ्या सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेलं नाही, आणि मला राग आलेला आहे. तो ओकून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

कारखान्यात माझ्या पोटात दोन जीव बसवले. एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. मोटरीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली ठेवली आणि तिला गार हवा मिळावी म्हणून सीटच्या खालच्या अंगाला एक जाळी ठेवली. चढावर इंजिन आणि मोटर दोघं मिळून मला ओढतात. पण माझी खरी करामत उतारावर! गिअर ‘डी’मध्ये, म्हणजे ‘ड्राइव्ह’मध्ये असला, की उतरताना माझी चाकंच मोटरीला फिरवतात. त्यातून वीज होते, ती बॅटरीत साठते, आणि त्या ओढीने माझा वेगही आवरला जातो. ब्रेकवर सगळा भार येत नाही. बनवणाऱ्यांनी एवढं डोकं लावलं होतं. मला वाटलं, चालवणाराही थोडं लावील.

माझे मालक महमूदशेठ, महाडचे ट्रान्सपोर्टवाले. आयुष्य ट्रकवर गेलं. मला मात्र त्यांनी नव्हे, कुवेतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, मुसैबने घेतलं. कशासाठी? आपल्या आईसाठी, नुरजहाँसाठी. तिची कंबर कायमची अधू. घरच्या जीपमधून कुठे जाऊन आली, की दोन-दोन दिवस अंथरुणातून उठवत नसे. “अब्बा, ही गाडी अम्मीसाठी आहे, बाकी कुणासाठी नाही,” असं मुसैब फोनवर स्पष्ट म्हणाला होता. हे बोलणं माझ्याच स्पीकरवर झालं, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

आणि झालं काय? अम्मी सोडून अख्खा तालुका माझ्यात बसला! नवरदेव बसले, पुढारी बसले, पुढाऱ्यांचे हारतुरे बसले. “काय गाडी हाय शेठ!” असं कुणी म्हटलं, की शेठची छाती फुगायची आणि चावी लगेच त्याच्या हातात जायची. पोलादपूरहून तांदळाची पोती आली, ती नेमकी त्या हवेच्या जाळीला लावून रचली. बॅटरी तापली, मी दिवा पेटवून सांगितलं. शेठ म्हणाले, “पेटू दे. ट्रकात चार-चार दिवे पेटायचे, कधी काय झाला नाय.” पुढे ट्रकला शोभेलसं लोखंडी गार्ड ठोकलं, तेही समोरचं बघणाऱ्या माझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावरच. सर्व्हिसिंगला पनवेलला न्यायचं, तर “पुढच्या म्हयन्यात.” तो पुढचा महिना अजून यायचा आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

नुरजहाँ ओटीवर बसून हे सगळं बघायची. तिचा थोरला भाऊ वर महाबळेश्वरला असतो. तो आजारी पडला, उठेनासा झाला, तेव्हा ती पहिल्यांदा हट्टाला पेटली. मग काय, शेठ चालवायला, ती शेजारी, आणि मागे त्यांची मुलगी नाझिया. नाझियाकडे लायसन आहे, माझ्यासोबत आलेली पुस्तिकाही तिने वाचली आहे. पण शेठच्या मते आंबेनळी घाट हा बायकांच्या हाती द्यायचा रस्ता नाही.

भाऊ-बहीण भेटली. निघताना म्हाताऱ्याने तिचा हात सोडला नाही. “परत येशील ना गो?” असं विचारत राहिला. “ईदला येते,” ती म्हणाली. डोळे पुसतच ती माझ्यात बसली.

घाट उतरायला लागलो आणि शेठनी पहिल्याच वळणानंतर गिअर न्यूट्रलला टाकला. ट्रकातली सवय! उतारावर गाडी आपसूक पळते, मग तेल कशाला जाळायचं? अहो, ट्रकातसुद्धा ही सवय वाईटच. पण माझ्या बाबतीत तर हा शुद्ध वेडेपणा. न्यूट्रल केलं, की मोटर सुटली, वीज बंद, ओढ बंद. एवढं माझं धूड, आणि सगळा भार बिचाऱ्या ब्रेकांवर.

“अब्बा, डीमध्ये टाका,” नाझिया मागून म्हणाली.

“माला नको शिकवूस. ह्या घाटात केस पिकलेत माझे.”

थोड्या वळणांनी जळका वास यायला लागला. मग शेठनी ब्रेक दाबला, तर वेग हवा तसा कमी होईना. पुढे वळण, वळणापलीकडे दरी. नुरजहाँने एका हाताने दारावरचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने कंबर.

“अब्बा, डी! डी!” नाझिया किंचाळली.

शेठनी गिअर ओढला. आणि मित्रांनो, मी धरलं! मोटरीने चाकांना आवळलं, इंजिन घोंघावलं, वेग उतरला आणि वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला मी उभी राहिले. चाकांतून धूर निघत होता. तीन माणसं जिवंत होती, ती माझ्यामुळे. शेठ खाली उतरले. आणि त्यांनी काय केलं? माझ्या टायरला लाथ घातली!

“ब्रेकच नाय हिला! खोटी गाडी गळ्यात मारली. विकून टाकतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला बोलता आलं असतं, तर त्या दिवशी मी सगळा घाट दणाणून सोडला असता.

शेठनी बोललेलं खरं केलं. ब्रेक नवे घातले आणि चार दिवसांत गिऱ्हाईक आणलं. बिरवाडीचा प्रवीण, शेठच्या ओळखीतला. तो माझ्याभोवती फिरला, बॉनेटवर हात फिरवला, दार उघडलं आणि थबकला. पुढच्या सीटवर नुरजहाँ बसली होती. पट्टा लावून, मांडीवर पानाचा डबा घेऊन.

“अम्मी, उतर ना,” शेठ दबक्या आवाजात म्हणाले. चारचौघांत तेही तिला अम्मीच म्हणतात.

“नाय उतरायची. प्रवीण, बाबा, गाडी घ्यायची तर माझ्यासकट घे. माझ्या लेकान माझ्यासाठी धाडलेली हाय ती. मी भावाला जबान दिलीय. जीपीतून मी जिती पोचायची नाय.”

“अगो, पण ब्रेक—”

“ब्रेकाला काय धाड भरलेली? नाचता येईना, अंगण वाकडा! पोर ओरडत व्हती, डीत टाका, डीत टाका. तुमी ऐकलात?”

नाझियाला हसू आवरेना, म्हणून ती घरात पळाली. प्रवीणने हळूच दार लावलं. “राहू दे शेठ,” तो म्हणाला. “चाचीसकट परवडायची नाय मला.”

नुरजहाँ त्यानंतरही तासभर उतरली नाही. चहा तिने माझ्यातच मागवला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत घाट चढलो. चालवायला नाझिया, शेजारी अम्मी, आणि मागे प्लॅस्टिकवर चुरचुरत शेठ. भावासाठी तांदळाचं पोतं घेतलं होतं. नाझियाने एकदाच मागे वळून पाहिलं आणि शेठनी निमूट ते जाळीपासून सरकवून आपल्या पायांशी घेतलं. वर म्हातारा खुर्चीत दाराशीच बसून होता, वाटेकडे डोळे लावून. बहिणीला बघून तो लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आलं, का खोटं बोलू?

उतरताना शेठ मागून माझ्या पडद्याकडे बघत होते.

“हा बाण उलटा का गो चाललाय? चाकाकडून बॅटरीकडं?”

“उतारावर वीज तयार होतेय, अब्बा. चढताना खर्चलेली थोडी परत मिळतेय.”

“फुकट?”

“फुकट.”

पोलादपूरला गाडी थांबवायला लावून शेठ उतरले, चाकाजवळ हात नेऊन अंदाज घेतला. ना धूर, ना वास. आता तरी हा माणूस माफी मागेल, मी वाट बघत होते. त्यांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, “चला! सुधारली गाडी.”

मी सुधारले! ऐकलंत, मित्रांनो? मी!

म्हणून हात जोडून, पण रागानेच सांगते. घरात यंत्र आणाल तेव्हा ते कुणासाठी आणलं, हे विसरू नका. ते दिवा पेटवून काही सांगत असेल, तर ऐका. आणि आपल्या चुकीची लाथ त्याला घालू नका.

त्या दिवशी मी हॉर्न वाजवून सगळा पोलादपूर नाका गोळा करणार होते. पण शेजारच्या सीटवर नुरजहाँ मान कलती करून झोपली होती. सगळा घाट ती झोपूनच उतरली होती. मग मी गप्प बसले.